एकोणिसावी चिठ्ठी

१४ फेब्रुवारी १९४०, बुधवार

आमच्या हायकू-मासिकाच्या संपादकाला, होसोईला, काल पहाटे पोलिसांनी नेलं. ऑफिसात कुजबुज होतीच, आज त्याच्या बायकोने सांगितलं. दारातूनच, आत न घेता. "चपला घालू दिल्या नाहीत. मासिकाचे गठ्ठे नेले, कागद नेले. तुम्ही पुन्हा येऊ नका."

पंधरा वर्षं क्योतोतल्या बातम्या लिहितोय. ही छापून येणार नाही.

१५ फेब्रुवारी

नेलेल्या कागदांत जानेवारीच्या हायकू-बैठकीची यादी असणार, आणि ती माझ्या अक्षरात आहे. आमची रीतच तशी. हायकूच्या चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या ढवळायच्या, आणि अक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून एकाने सगळ्या उतरवायच्या. निवड झाली की ज्याची असेल त्याने मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं.

त्या दिवशी बैठक आमच्या घरी होती. निवड झाली, पण नावांपर्यंत गेलोच नाही. हवाई हल्ल्यासाठी दिवे घालवायच्या सरावाचा भोंगा झाला, सगळे उठले. यादी होसोईने मासिकासाठी नेली.

सहा जण, प्रत्येकी तीन. अठरा हव्यात, निघाल्या एकोणीस. "कोणाला तरी उत्साह फार," होसोई म्हणाला. आम्ही हसलो होतो.

१७ फेब्रुवारी

न्हाणीच्या बंबात मासिकाचे जुने अंक जाळले. ताए चिमट्याने राख ढवळत होती. बारा वर्षांच्या संसारात तिने माझ्या हायकूंबद्दल एक शब्द काढलेला नाही. आज म्हणाली, "पाणी तरी तापलं."

ही वहीही जाळायला हवी. तांदळाच्या डब्यामागे ठेवतोय.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आले. वाकुई नावाचा, साध्या कपड्यातला पोलीस. ताएच्या चहाचं कौतुक केलं आणि यादी पुढे ठेवली. एका हायकूखाली तांबडी रेघ:

पांढरी पेटी
आई कानी लावते—
बाहेर बर्फ

"सैनिकाच्या अस्थींची पेटी. ती रिकामी आली, असं म्हणायचंय?"

"सतरा अक्षरांत एवढी जागा नसते, साहेब."

"बर्फ पांढरा. पांढरं निशाण कोण दाखवतं?"

"जानेवारीत पांढराच पडतो."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "अक्षर तुमचं."

"अक्षर माझं. ओळी माझ्या नाहीत."

"मग गुरुवारी नऊला चौकीवर या. ज्याच्या असतील त्याचं नाव घेऊन या."

तो गेल्यावर पाहिलं, माझा कप भरलेलाच होता. उचललाच नव्हता.

२० फेब्रुवारी

सेगावाच असणार. आमच्या सहा जणांतला शाळामास्तर, सैनिकांवर तोच लिहितो. गेल्या महिन्यात त्याला मुलगी झाली. आज पुलावर समोरून आला. त्याने टोपी काढली नाही, मीही नाही.

त्याचं नाव कागदावर लिहून पाहिलं. कागद बंबात टाकला.

बाहेर पावलं थांबली की वही डब्यामागे सरकवतो. आज दोनदा थांबली. एकदा टोफूवाला. दुसऱ्यांदा कोण, कळलं नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

ताएला सांगून टाकलं, उद्या सेगावाचं नाव देणार. ती मुळा किसत होती. थांबली.

"माझ्या दादाची पेटी आली त्या दिवशी तुम्ही छापखान्यात होतात. अंक निघायचा होता तुमचा. आईने ती कानाला लावली, ते मी एकटीने पाहिलं."

मी उठून दार लावून घेतलं.

"बैठकीत चहाचा ट्रे आणला तेव्हा चिठ्ठी टाकली, अक्षर बदलून. उतरवलीत तुम्हीच." पुन्हा किसू लागली. मग, मान खालीच ठेवून, "चांगली होती का हो?"

मी निवडली होती ती. सांगितलं तिला.

उद्या नऊला चौकी. वाकुई नाव विचारेल. बैठकीत सांगतो तसं माझं नाव मोठ्याने सांगायचं. अक्षर तर माझंच आहे.