त्याच्या नावावरचे रस्ते

३ फेब्रुवारी, मंगळवार

काचेचा बोगदा झाला एकदाचा! एकतीस किलोमीटर. त्यातले वीस तरी समुद्राखालून. वर मासे, बाजूला मासे, आणि मध्ये मी घामाने निथळतेय. मासे बघण्याइतकंही त्राण नव्हतं. शेवटची कमान ओलांडली, पडद्यावर बिल्ला चमकला, खाली नाव — नवऱ्याचं. मागून त्याचा आवाज आला, "तीन राहिले."

शाबासकी नाही, पाणी नाही. तीन राहिले!

सकाळी साडेसहापासून लॅबमध्ये रक्त घ्यायला लोकांच्या नसा शोधायच्या, तीनला घरी, मग याचं सगळं, आणि सहाला मागच्या खोलीत सायकलवर. सायकल त्याचीच. मागचं चाक काढून एका यंत्रावर बसवलेली. पडद्यावर चढ आला की यंत्र पेडल जड करतं. जागची हलत नाही, हे डोक्याला माहीत. पायांना कोण सांगणार?

५ फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओ येऊन गेली. गुडघा अठ्ठ्याहत्तर अंश. मागच्या आठवड्यातही अठ्ठ्याहत्तर, त्याच्या आधीही अठ्ठ्याहत्तर.

मांडीचं हाड जुळलंय. आतली सळई नीट बसलीय. वॉकर धरून हा बाथरूमपर्यंत जातोही. फक्त गुडघा वाकत नाही, कारण हा वाकवू देत नाही. जरा दुखलं की "बस! बस!" डॉक्टरांनी तर तारीखच दिलीय, १७ मार्च. तोवर शंभर अंश झाला नाही तर पुन्हा ऑपरेशन, आणि त्यानंतरही "खात्री नाही देता येणार, पाय असाच राहू शकतो." ही तारीख मी फ्रिजवर चिकटवली होती. याने काढून टाकली.

फिजिओ पोर आहे पंचविशीची. त्याच्या ओरडण्याला ती डगमगत नाही. माझीच मान खाली जाते.

८ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहितानाही अंगाचा तिळपापड होतोय.

चार बेटं. अठ्ठावन्न किलोमीटर, सुट्टीचा दिवस म्हणून खास आजसाठी ठेवलेला रस्ता. बिल्ला हवा तर ठरलेली वाट अजिबात सोडायची नाही, हा तिथला नियम. एक वळण चुकलं की आधीचं सगळं पाण्यात. मी कशाला चुकतेय? गाडी आपली आपणच वळते, आपण फक्त पाय मारायचे.

पंचावन्नाव्या किलोमीटरला घाम डोळ्यांत गेला. टॉवेलने तोंड पुसलं आणि टॉवेल समोरच्या टेबलावर फेकला — कीबोर्डवर! कुठलीतरी कळ दाबली गेली. मी आपली डोळे मिटून पाय मारतेय. मागून हा किंचाळला, "अगं, मागे फिरलीस! मागे फिरलीस तू!"

बघते तर काय, पडद्यावरचा तो निळ्या जर्सीतला बाप्या — म्हणजे हा, म्हणजे मी — आलेल्या वाटेने निघालाय परत. बिल्ला गेला. पावणेतीन तास!

"एवढीशी अक्कल नाही? टॉवेल हँडलवर टाकायचा असतो!"

तीन किलोमीटर राहिले होते. फक्त तीन.

९ फेब्रुवारी, सोमवार

बोलणं बंद. दोघांचंही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज हाच आधी बोलला. "पुन्हा करशील ना?" एवढंच. मी "बघू" म्हणाले. बघू काय बघू! करणार आहे हे त्यालाही ठाऊक आणि मलाही.

हे सुरू कसं झालं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच वेड्यात काढावं लागेल. नोव्हेंबरमध्ये हा पडला. कोणी धडक दिली नाही, काही नाही. ओल्या वळणावर एकटाच घसरला. "कोणीतरी उडवलं असतं तर निदान शिव्या घालायला माणूस मिळाला असता," असं दवाखान्यात म्हणाला होता. मग बोलायचाच बंद झाला. घरी आणलं तरी दोन महिने छताकडे डोळे. जेव म्हटलं तर जेवायचा, झोप म्हटलं तर झोपायचा. आणि एक दिवस अचानक — "त्या पडद्यावरचे सगळे रस्ते पुरे करायचे होते मला. अकरा राहिले. तू करून देशील?"

मला इतका आनंद झाला की विचारू नका. काहीतरी मागितलं त्याने! त्याने त्या क्षणी विहीर खणायला सांगितली असती तरी कुदळ घेऊन निघाले असते. आयुष्यात कधी सायकलवर न बसलेली मी त्रेपन्नाव्या वर्षी बसले. हा मागे खुर्चीत. "पाय गोल फिरव, दाबू नकोस." "श्वास, श्वास!" डोळ्यांत थोडी जान आली होती त्याच्या. त्या जानेपायी मी आठ रस्ते केले.

त्याच्या रविवारच्या सायकलवाल्या टोळीला वाटतंय कप्तान बरा झाला, घरात सायकल मारतोय. तेही आपापल्या घरून याच रस्त्यांवर येतात, चढावर बाजूने जाताना पडद्यावर निरोप टाकतात. "कप्तान, जोरात!" हा ते वाचून हसतो. मी धापा टाकते.

१५ फेब्रुवारी, रविवार

चार बेटं झाली. दोन राहिले. टॉवेल गळ्यात बांधला होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फिजिओला जिन्यापर्यंत सोडायला गेले. चप्पल घालता घालता म्हणाली, "काकू, एक विचारू? रागावू नका. तुम्ही किती महिने पाय मारताय?"

"झाला दीड महिना."

"आणि काकांचा गुडघा किती दिवस अठ्ठ्याहत्तरवर आहे?"

मी कठड्यावरची धूळ बोटाने पुसायला लागले.

"त्यांचं सगळं मस्त चाललंय, काकू. बिल्ले मिळतायत, मित्र कप्तान म्हणतायत. दुखणं तेवढं तुमच्याकडे. मग त्यांनी कशाला दुखवून घ्यायचं?"

ती उतरूनही गेली. मी दारातच उभी. राग आला खरा, पण तिचा नाही. मला हे आधीच दिसत होतं. दिसत असून मी रोज सहाला त्या सीटवर चढत होते, कारण न चढले तर हा पुन्हा छताकडे बघत बसेल ही भीती. त्यापेक्षा पाय दुखलेले परवडले.

आत येऊन विचारलं, "तू स्वतः बसून बघतोस का एकदा? नुसतं बसायचं." म्हणाला, "माझा विषय संपलाय." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जुन्या गावाचा फेरा झाला. अकराच किलोमीटर, पण दगडी रस्ता, सायकल खडखडते — म्हणजे यंत्रच खडखडतं! खालच्या मजल्यावरचे वर आले. "वहिनी, मिक्सर बिघडलाय का?" हो म्हटलं.

एकच राहिला. ढगांची शिडी. चौदा किलोमीटर, सगळा चढ.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्याची तयारी म्हणून अर्धा तास बसले. टोळीतला दाढीवाला कुठूनसा मागून आला आणि भुर्रकन पुढे गेला. त्याचा निरोप, "कप्तान, सपाटीला ठीक, चढावर एवढा ढेपाळतोस? वजन वाढलं की काय?"

वजन? त्याचा काय संबंध? हा जेवायला बाहेरच्या खोलीत गेला तेव्हा सगळी माहिती उघडून बघितली. नाव, वय, उंची. वजन — चौऱ्याऐंशी. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की चढ किती जड लागणार ते वजनावरून ठरतं.

मी बावन्न किलोची बाई आहे. दीड महिना मी चौऱ्याऐंशी किलो चढावर ओढतेय!

जाऊन विचारलं. वाटलं होतं, अरेच्चा म्हणेल, विसरलो म्हणेल. छे! घास चावत शांतपणे म्हणाला, "माहितीय मला. नाव माझं आहे, तर वजन माझंच हवं. कमी करून चढणं म्हणजे फसवणूक."

"फसवणूक? पाय माझे, घाम माझा आणि बिल्ला तुझा, ही फसवणूक नाही?"

"तुला नसेल करायचं तर नको करू."

"तुला एकदाही वाटलं नाही मला सांगावं?"

त्याने भाजी वाढून घेतली. मग ताटाकडे बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तू बदललं असतंस."

हो, बदललं असतं! कोण बदलणार नाही? शब्दाने शब्द वाढला. एकतीस वर्षांचं सगळं निघालं, त्याच्या आईच्या आजारपणापासून. शेवटी मीच रडले, आणि त्या रडण्याचाही राग आला.

२२ फेब्रुवारी, रविवार

ढगांची शिडी.

वजन बदललं नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. त्याला दाखवायचं होतं बहुतेक.

दोन तास. ताशी जेमतेम सहा किलोमीटर. पडद्यावर आधी झाडं होती, मग झाडं संपली, मग नुसते दगड आणि बर्फ. नाकी नऊ आले. मांड्या थरथरत होत्या, हात बधिर. मागून हा सांगतोय, "छान, असंच, आता एक वळण मग थोडं सोपंय." इतकं गोड तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बोलायचा. आणि ते ऐकून मला एकदम कळलं की शिखर आलं की हे संपणार, आणि उद्या हा नवे रस्ते शोधून काढणार. मी अशीच चढत राहणार आणि हा असाच बसून राहणार.

बारा किलोमीटर झाले होते. मी पाय थांबवले. उतरले.

"काय झालं? पेटका आला?"

"नाही."

"अगं, दोनच राहिलेत! चढ, चढ लवकर!"

"उरलेले तुझे तू कर," म्हटलं.

पडद्यावर तो निळ्या जर्सीतला माणूस एक पाय रस्त्यावर टेकून बर्फात उभा होता. मागच्या खुर्चीत हा. मी आंघोळीला गेले आणि नळ पूर्ण सोडून बसले, बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून. बाहेर आले तेव्हा पडदा बंद होता.

२३ फेब्रुवारी, सोमवार

छताकडे बघतोय.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सहा दिवसांत दहा शब्द. "पाणी." "नको." "दिवा."

सहा वाजले की पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळतात. मी त्या दाराशी जाते आणि परत येते. हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. उलट दमणूक जास्तच आहे. आज लॅबमध्ये एका आजोबांना तीनदा सुई टोचावी लागली, नस हाताला लागेचना. ते बिचारे मलाच म्हणाले, "जरा बसा बाई तुम्ही."

३ मार्च, मंगळवार

नणंदेचा फोन. "वहिनी, त्याला तेवढाच विरंगुळा होता गं. दोन किलोमीटरनी काय झालं असतं?"

हिला कोणी सांगितलं? म्हणजे बहिणीशी बोलायला याला तोंड आहे! मी म्हटलं, "ये तू, आणि मार तूच पाय." फोन ठेवला. मग दिवसभर तिचंच वाक्य डोक्यात. दोन किलोमीटरनी काय झालं असतं?

७ मार्च, शनिवार

हल्ली हा दुपारी घोरतो. मी तीनला येते तर गाढ झोपलेला, तोंड उघडं. दिवसभर पडून माणूस दमतो कसा, देव जाणे.

१२ मार्च, गुरुवार

ब्याण्णव! फिजिओने पुन्हा मोजलं. ब्याण्णवच. मी टाळ्या वाजवल्या, तर हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "शंभर नाहीये."

खरंच आहे. पाच दिवस उरले आणि आठ अंश बाकी. एवढ्या दिवसांत जे झालं नाही ते पाच दिवसांत काय होणार? पुन्हा ऑपरेशन, पुन्हा दवाखान्यातल्या त्या कडक खुर्च्या, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी शहाणपणा करायला गेले आणि त्याची एकमेव आवडती गोष्ट तेवढी काढून घेतली. शंभर अंश तरी कुठे झाले?

ठरवलं. रविवारी सकाळी हा उठायच्या आत ढगांची शिडी पुन्हा करते. पहिल्यापासून, चौदाच्या चौदा. चौऱ्याऐंशी किलो तर चौऱ्याऐंशी. दवाखान्यात जायच्या आधी त्याला बिल्ला तरी मिळू दे. हात टेकले मी.

१५ मार्च, रविवार

सायकलवर चढले तर पाय पेडलला पोचेचनात. सीट चार बोटं वर, त्याच्या उंचीला.

उतरले. पडद्यावरची रोजच्या नोंदींची यादी उघडली. चोवीस फेब्रुवारीपासून, रविवार सोडून, रोज एक नोंद. सगळ्या सकाळी अकराच्या. त्या वेळी मी लॅबमध्ये असते आणि घरात हा एकटा असतो.

नऊ मिनिटं, अंतर शून्य, म्हणजे पेडलचा एकही पूर्ण फेरा नाही. चौदा मिनिटं, शून्य. बावीस मिनिटं, शून्य. एक चाळीस मिनिटांची, तीही शून्य. अशा तेरा.

मग पन्नास मीटर. काल चारशे.