टाचेची बातमी

३ मार्च

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं "हां, हां" करता आणि ऐकू काहीच येत नाही, म्हणून आपलं हे कागदावरचं बरं. खोली चांगली आहे, म्हणजे खिडकी उघडते. डबल्सची जोडीदार घोरते आणि मोजे खुर्चीवर वाळत घालते. टेनिसच्या जागतिक क्रमवारीत माझा नंबर आता दोनशे एकतीस. या महिन्यात आणखी दोन मॅच जिंकले की जूनच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत घेतील. अकरा वर्षं त्या दाराबाहेर ताटकळते आहे, काका.

आता एक गोष्ट फक्त तुम्हाला. उजवी टाच गेली आहे. सर्व्हिस करून पाय टेकला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पट्ट्या गुंडाळून २५ तारखेला उतरणार आहे, पण जिंकेन असं वाटत नाही. जोडीदारालासुद्धा बोलले नाही. आईला तर मुळीच कळू देऊ नका, नाहीतर ती मिळेल त्या गाडीने येऊन थडकेल.

तुमचा लोभ आहे म्हणून तर हे रडगाणं. तो आटू देऊ नका.

तुमची
भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईला पत्ता लागू दिलेला नाही. टाच बर्फात बुडव आणि शहाणपणा कर, दोन्ही जमलं तर.

माझ्या वाचनालयात सगळे तुझी चौकशी करतात. पूर्वी तू मागच्या भिंतीवर चेंडू बडवायचीस तेव्हा हीच मंडळी माझ्याकडे तक्रार घेऊन यायची. आता तुझं पत्र आलं की वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे पाचही जण पेपर खाली ठेवतात. निवृत्त हेडमास्तर तर मॅचची तारीख वहीत टिपून घेतात. इतकी माया सख्ख्यांतही मिळत नाही बघ.

काळजी घे. दोन ओळी का होईना, लिहीत जा.

तुझा
काका


२९ मार्च

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही मॅच जिंकले. कशी, ते मलाच माहीत नाही. पात्रता फेरीच्या यादीत नावही आलं. तुम्हाला कळवायला कागद घेतला, तेवढ्यात फोनवर एक निरोप आला. नाव नाही, नंबर ओळखीचा नाही, पण भाषा आपली. लिहिलं होतं, "उजवी टाच गेली म्हणालीस ना? मग जिंकलीस कशी, खोटारडे? दोन्ही पाय मोडून हातात देऊ."

सट्टेबाजांच्या शिव्या आम्हाला रोजच्या आहेत, त्यांचं कुणी मनावर घेत नाही. पण टाच? आणि उजवी?

दुपारी टेनिस संघटनेच्या चौकशीचे दोन अधिकारी आले. माझ्या हरण्यावर आपल्या गावातून भरमसाट सट्टा लागला होता म्हणे, तोही मॅचच्या आठवडाभर आधी. दुखण्याची बातमी बाहेर देणं हा आमच्यात गुन्हा आहे. कुणाला ठाऊक होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणालाच नाही.

काका, तुम्ही कुणाला सांगितलंत?

भिंगरी


८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. सांगितलं नाही गं. वाचून दाखवलं. अक्षरन् अक्षर, टेबलावर, सकाळी अकरा वाजता. तुझी सगळीच पत्रं मी अशी वाचत आलो, सहा वर्षं. "शांतता राखा" अशी पाटी माझ्या डोक्यावर, आणि मीच खणखणीत वाचायचो. मला वाटायचं, तुझं कौतुक करतात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं. पेपरातून कुणी मान वर काढेना. शेवटी त्या पाचांतल्या कंपाउंडरने कबूल केलं. पाचही जणांनी तू हरशील म्हणून सट्टा लावला होता. शाळेच्या मैदानाची किल्ली ज्यांनी तुला दिली, ते हेडमास्तर मला तोंडावर म्हणाले, "तुमच्या पुतणीने आम्हाला फसवलं." तो निरोपही त्यांचाच. रागात लिहिला म्हणाले, आणि पान उलटलं. अजून विश्वास बसत नाही.

आता माझं ऐक. ते पत्र मी जाळून टाकतो. टाचेचं मीच मनाने रचलं, असं लिहून देतो. म्हाताऱ्याला कोण काय करणार? तू फक्त हो म्हण.

तुझा
काका


२० एप्रिल

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

जाळू नका. तुमचं पत्र यायच्या आधीच मी खरं सांगून बसले होते. पत्रात बातमी दिली हा एक गुन्हा, आणि आधी खोटं बोलले हा दुसरा. आठ महिने खेळायला बंदी. जूनच्या यादीत माझं नाव शेवटून तिसरं छापलं होतं. ते काढलं. वाचताना ते दुसऱ्याच कुणाचं असावं असं वाटत होतं.

तुमच्यावर मी रागावले आहे, खूप. इतकी वर्षं माणसांत बसून तुम्हाला माणसं वाचता येऊ नयेत? तरी पत्र लिहावं असं दुसरं माणूस मला अजून सापडलेलं नाही, याचाही राग येतो.

हे पत्र मात्र टेबलावर वाचा. हेडमास्तरांना समोर बसवा आणि एक शब्द गाळू नका.

सर, मी कुणाला फसवलेलं नाही. काल टाचेचा फोटो काढला. हाडाला चीर आहे, सात आठवड्यांची जुनी. मी लिहिलं त्यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. तुम्ही बरोबर बातमीवर सट्टा लावलात. फक्त मी जिंकले.

लोभ असू द्यावा, हे मी काकांना लिहिते आहे. बाकीचे उठले तरी चालेल.

भिंगरी