गच्चीवरच्या सौर बंबाची विल्हेवाट

या मृत्युपत्राने मला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत : माझी बुद्धी शाबूत आहे, आणि माझ्या गच्चीवरचा सौर बंब शहरात निरुपयोगी आहे. दुसरी सिद्ध झाली की पहिलीला वेगळा पुरावा नको. मी, अनंत विनायक सोवनी, तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार वाशी, नवी मुंबई, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे.

कलम १. राहते रो-हाउस माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझी धाकटी विधवा बहीण जाईबाई हिने त्यात हयातभर राहावे; तिच्या पश्चात ते माझा मुलगा दिनानाथ याचे.

कलम २. पुस्तके दिनानाथला देऊ नयेत. त्याने ती एकदा उंचीप्रमाणे लावली होती. जे कॉलेज नेईल त्याला द्यावीत.

कलम ३. सौर बंब उतरवून भंगारात द्यावा. तो बसवण्यासाठी दिनानाथने आमचा तांब्याचा बंब मोडीत घातला, मला न विचारता. "नाना, ऊन फुकट आहे!" हा त्याचा संपूर्ण युक्तिवाद. ऊन फुकट असेल; काच, नळ्या आणि त्या पुसणारा म्हातारा फुकट नाहीत. कारखान्यांची काजळी रोज काचेवर बसते. पावसाळ्यात तो नुसता भिजतो. शेजारच्या रावसाहेबांनी गच्चीवर उंच टाकी चढवली, तेव्हापासून तिसऱ्या प्रहरी आमच्याकडे सावली असते. मी हरकत घेतली. ते म्हणाले, "सर, सूर्य काय तुमच्या नावावर आहे?" प्रश्न असभ्य होता, पण शहराबद्दल बरोबर होता : इथे ऊन ज्याची गच्ची उंच त्याचे. राहिलेले ऊन पाणी तापवते, आणि बंबाच्या टाकीचे वेष्टण इतके निकृष्ट की ते रात्रीतून निवते. मी पहाटे पाचला स्नान करतो. पाणी गार असते. लाभ एकच : दिनानाथला पाहुण्यांना दाखवायला काहीतरी मिळाले.

येथवरचा मसुदा मी आज साक्षीदारांना वाचून दाखवला. जाई चहा गाळत होती.

"दादा, पाचला गार असतं ते कळलं. दुपारी दोनला कधी हात लावलायस?"

"दोनला आंघोळ कोण करतं?"

"भांडी कोण घासतं ते विचार. वाताने माझी बोटं वळत नाहीत. त्या पाण्यात धरली की सुटतात. तू तेव्हा घोरत असतोस."

साक्षीदार सुमेधाबाई हसल्या. मी दुपारी दोनला जागा राहिलो आणि मोरीतल्या नळाखाली हात धरला. चटका बसला.

कलम ४. कलम ३ मधील भंगाराची आज्ञा रद्द. बंब व गच्ची जाईबाईच्या ताब्यात राहतील. काच दिनानाथने दर रविवारी स्वतः पुसावी. न पुसल्यास तिच्या पश्चात घर त्याला मिळू नये, पुस्तके नेणाऱ्या कॉलेजला मिळावे.

साक्षीदार : सुमेधा करंदीकर, शिवराम पाटील. जाईबाईला यात लाभ असल्याने तिची सही घेतलेली नाही.

वाशी, २२ फेब्रुवारी १९८७.
सही : अनंत विनायक सोवनी

कबुली : बंबाचा लाभ मोजताना मी घरात एकटाच राहतो असे गृहीत धरले. चूक माझी. यावरून दिनानाथ बरोबर ठरत नाही. बंब बसवताना जाईची बोटे त्याच्याही लक्षात नव्हती.
अ. वि. सोवनी