शेटजींचा पत्रा आणि ताकातला कापूस

नगर, एप्रिल १९४४. रविवार, दिवेलागण

जिंकले मी! महिनाभर ताकात कापूस, केसांत कापूस. सगळी आळी समोरच्या करीमभाई पिंजाऱ्याला उठवायला निघालेली. पण माझ्या लग्नाआधीपासून ते तिथंच पिंजतात, मग कापूस आत्ताच कसा उडायला लागला? शेजारच्या शेटजींनी उंच भिंत बांधून गल्लीचं तोंड पत्र्यानं बंद केलं, तेव्हापासूनच ना? हे कुणालाच कसं दिसेना!

आज भर दुपारी सगळ्यांना उन्हात उभं केलं. शेटजींच्या तापलेल्या भिंतीशी मूठभर कापूस सोडला. तो भिंतीला धरून वर चढला, वळला आणि माझ्या सावलीतल्या ओट्यावर येऊन उतरला.

"आता पत्रा काढा," मी म्हटलं.

"वैनी, कापूस काय पत्र्याला विचारून उडतो व्हय?" शेटजी फणकारले. पण सगळे बघत होते, काढावाच लागला. वारा आरपार सुटला आणि दुसरी मूठ थेट माळाकडे पळाली.

करीमभाईंचे डोळे भरले. "भाभी, म्हंजी मी हितंच ऱ्हातो."

आत्ता जेवताना ह्यांनी ताकाचा पेला उजेडाला धरून बराच वेळ न्याहाळला. काहीच सापडेना, तेव्हा म्हणाले, "मीठ कमी आहे."