भरतीच्या वाटेची वेळ

२ मार्च

किनाऱ्याच्या सहलीची पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर निळा समुद्र, त्याखाली ठळक अक्षरांत मालकांच्या भाचेसाहेबांचं नाव! माझं कुठेच नाही. तीनदा चाळली. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव आहे, माझं नाही.

चार वर्षं राबलो. गाडी भाड्याने घेऊन स्वतः किनारा फिरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मार्गाचा कागद हाताने लिहून दिला. कुठे वळायचं, पेट्रोल कुठे, गाड्या खाडीपलीकडे नेणारी तर किती वाजता सुटते, कोणत्या वळणावर गुरं आडवी येतात. पंपवाले, तरवाले, दीपगृहाचा पहारेकरी – सगळ्यांना फोन करकरून विचारलं. अकरा वह्या भरल्या. मी स्वतः समुद्र अजून पाहिलेला नाही, पण डोळे बांधून तिथे गाडी चालवीन.

मालकांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. "आता तू मॅनेजर. खिडकीजवळची खुर्ची तुझी."

आणि तो माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "काय रे काना-मात्रा, एखादी चूक सापडली का?"

ऑफिसात मला याच नावाने हाक मारतात. एकही सापडली नाही. माझ्याच वह्या होत्या ना!

३ मार्च

आईला सांगितलं. ती म्हणाली, "राग गिळ. नोकरी आहे ती." गिळला. घशातच बसलाय.

५ मार्च

आजपासून कागद लिहिणं बंद. हात दुखतो म्हणून सांगितलं. भाचा म्हणाला, "हात दुखतो की पोट?" सगळे हसले. हसा!

८ मार्च

शाळेतल्या बाई आल्या होत्या, यजमानांना घेऊन. केस पांढरे झालेत, पण लाल पेन्सिल अजून पर्समध्ये असते! मला लगेच ओळखलं. यजमानांना म्हणाल्या, "हा माझा विद्यार्थी. नववीत शाळा सुटली याची. पण शुद्धलेखनात याच्या वहीवर लाल खूण करायला मी तरसले हो."

यजमानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. एकावर अजून पट्टी आहे. तरी दोघांना लवकरच किनारा फिरायचाय. मी उठणार तेवढ्यात भाचा मध्ये आला. "बसा ना बाई. तुमचा मार्ग मी स्वतः काढून देतो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

वर्गात बाई चुकीभोवती लाल गोल काढायच्या आणि समासात दोनच शब्द लिहायच्या. पुन्हा लिही. रागवायच्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटायची.

१० मार्च

सापडला! स्वतःच जाळ्यात आला.

भाचा माझ्या टेबलावर बसून म्हणाला, "अरे, चौदाला मी चाललोय. सात दिवस, अख्खा किनारा. मला एक कागद काढून दे. गिऱ्हाइकासाठी नाही, माझ्यासाठी. हात दुखत असला तरी एवढं कर. तुझ्यासारखं कोणाला जमतं?"

हे तो चारचौघांत कधी म्हणाला नव्हता. आज कोणी ऐकायला नव्हतं म्हणून म्हणाला.

म्हटलं, "देतो साहेब. मन लावून काढतो."

११ मार्च

पहिल्या दिवशीच भरतीची वाट येते. खाडीतून बेटावर जाणारा दगडी रस्ता, दीड मैल लांब. ओहोटीला कोरडा, भरतीला पाण्याखाली. वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून ज्या दिवशी जायचं त्या दिवसाचं गणित मांडावं लागतं. ते ऑफिसात फक्त मला येतं. पुस्तिकेत त्याने एवढंच छापलंय – 'वेळेची चौकशी करावी.' कोणाकडे? माझ्याकडे!

चौदा तारखेचं गणित दोनदा मांडलं. सकाळी सव्वानऊला वाट उघडते. दुपारी पावणेदोनच्या आत पलीकडे पोचायला हवं; मग मध्यावर पाणी चढू लागतं, वाटेच्या तोंडावरून ते दिसत नाही.

कागदावर लिहिलं – पावणेचारच्या आत.

एकच शब्द बदलला. बाकीचा कागद आरशासारखा स्वच्छ. दीपगृहापाशी थांबा, जेवण सावकाश करा, अडीचला वाटेच्या तोंडावरच्या पंपावर तेल भरा. मग वाटेवर.

मरणार कोणी नाही. मध्यावर अडकलेल्यांसाठी दगडी चौथरा बांधलाय, पायऱ्या आहेत. पहारेकऱ्याकडून खात्री करून घेतलीय. त्याने त्या चौथऱ्यावर सहा तास बसावं. नवी गाडी डोळ्यांदेखत बुडताना पाहावी. आणि परत आल्यावर सगळ्यांनी विचारावं – काय हो, किनाऱ्याचं पुस्तक लिहिणारे ना तुम्ही?

माझं अक्षर आज फार सुंदर आलंय.

१२ मार्च

कागद दिला. वाचलाही नाही, घडी घालून खिशात टाकला. "शाब्बास काना-मात्रा!"

आई म्हणाली, "आज दोन पोळ्या जास्त गेल्या. काय मिळालं एवढं?"

१३ मार्च

झोप धड लागली नाही. चौथऱ्याला पायऱ्या किती, हे पहारेकऱ्याला पुन्हा विचारलं. अकरा. तो वैतागला. "तुला चढायच्यात का?"

मला नाही. ज्याने चढायच्यात तो चढेल.

१४ मार्च

सकाळी साडेनऊला ऑफिसात शिरलो. खिडकीजवळच्या खुर्चीत भाचा. चहा पीत होता.

"तुम्ही गेला नाहीत?"

"कुठे?"

"किनाऱ्यावर. चौदा तारीख आज."

"मी कशाला जातोय? अरे, बाईंचा कागद होता तो. गिऱ्हाइकासाठी म्हटलं असतं तर तुझा हात दुखला असता. खाली सही ठोकली आणि देऊन टाकला. आठलाच निघाले म्हातारा-म्हातारी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "का रे? तोंड का उतरलं?"

मला कळायला हवं होतं! त्याने माझं लिहिलेलं कधी स्वतःपुरतं ठेवलंय? हीच तर माझी तक्रार होती. त्याच्या चोरीचा सूड घ्यायला मी कागद लिहिला, आणि त्याने तोही चोरला.

बाईंचा फोन लागेना. 'दीपगृहानंतर रेंज नाही' – माझंच वाक्य, कागदावर तिसऱ्या ओळीत. पंपाचा नंबर पाठ होता. पंपवाल्याला म्हटलं, "पट्टी बांधलेले एक गृहस्थ आणि पांढऱ्या केसांच्या बाई येतील. पांढरी गाडी. त्यांना वाटेवर जाऊ देऊ नका. कागदावरची वेळ चुकलीय."

"कोण बोलतंय?"

"ऑफिसातून."

"चूक कोणाची?"

मी म्हटलं, "चुकून झालंय."

तीनदा फोन केला. तीनदा एवढंच बोललो.

तीनला पंपवाल्याचाच फोन आला. "सांगितलं हो मी. बाई हसल्या. कागद दाखवला मला. म्हणाल्या, सही कोणाची का असेना, अक्षर माझ्या विद्यार्थ्याचं आहे. तो वेळ चुकवायचा नाही. फोनवर कोणी थट्टा करत असेल. मी गाडीपुढे उभा राहिलो, तर वळसा घालून गेल्या. अहो, नाव तरी सांगायचं होतं तुम्ही!"

१५ मार्च

जिवंत आहेत.

पाणी दाराला लागलं तशी बाईंनी यजमानांना हाताला धरून चौथऱ्यावर चढवलं. अकरा पायऱ्या. पंपवाल्याने कोळ्यांना उठवून होडी पाठवली म्हणून सहाऐवजी दोन तासांत सुटले. यजमानांची पट्टी भिजली. डोळ्याचं काय ते डॉक्टर उद्या सांगणार. गाडी वाहून गेली.

आईला काही सांगितलं नाही. ताट तसंच परत दिलं.

१७ मार्च

मालकांनी सगळ्यांना आत बोलावलं. टेबलावर कागदाची झेरॉक्स. मूळ कागद बाईंनी द्यायला नकार दिला म्हणे.

मालक भाच्याला म्हणाले, "सही कोणाची?"

"माझी. पण मामा, लिहिलंय याने!"

"याने? पुस्तिका छापली तेव्हा तर शपथेवर सांगत होतास, एकूण एक कागद मीच लिहितो म्हणून!"

भाच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हे तोंड बघण्यासाठी मी काय नसतं दिलं! आणि आता माझी नजर पुन्हा पुन्हा टेबलावरच्या झेरॉक्सकडे जात होती.

बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मालकांनी विचारलं, "तुम्ही ओळखता का हो हे अक्षर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पंपावर वाटलं होतं ओळखते म्हणून."

भाच्याला काढून टाकलं. खुर्ची मला मिळाली. मालक म्हणाले, पुस्तिकेची नवी आवृत्ती काढू, त्यावर तुझं नाव घालू.

मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं.

१८ मार्च

खुर्चीत बसलो. खिडकीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. भाचा सामान न्यायला आला होता. निघताना म्हणाला, "मी चोर आहे रे. पण तू कोण आहेस, ते एकदा मला सांग."



१९ मार्च

यजमानांचा डोळा वाचला. ऑफिसच्या फोनवर बाईंचा निरोप होता. माझ्या नावाने.

२१ मार्च

टपालाने पाकीट आलं. आत मूळ कागद, सुरकुतलेला, कडांना मीठ. 'पावणेचार'भोवती लाल गोल. समासात दोन शब्द.

बसून पुन्हा लिहिलं. पावणेदोन. मग जुन्या कागदावर, भाच्याच्या सहीशेजारी, माझी सही केली आणि दोन्ही कागद मालकांच्या टेबलावर ठेवून आलो.