कापशीची आंघोळ

पुणे,
दि. ८ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
प्रज्ञेशचा सविनय जयभीम. वि. वि.

तू फोनवर म्हणालीस की पुस्तकाबद्दल जे काही असेल ते लिहून कळव, फोनवर तू नुसता हो-हो करतोस. म्हणून प्रिंटरमधले कोरे कागद उचलून बसलो आहे. पेन आणायला खाली दुकानात जावं लागलं, हे तुझ्या माहितीसाठी.

तर बातमी अशी, की ‘ही शेळी कोणाची?’ या तुझ्या पुस्तकाचा अर्ध्या तासाचा ॲनिमेशनपट करायचं आमच्या स्टुडिओनं ठरवलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना दाखवायचा. आणि तो दिग्दर्शित करायला दिला आहे मला! आठ वर्षं मी इतरांच्या सिनेमातले ढग आणि झाडं हलवली. आता पहिल्यांदा अख्खी शेळी हलवायला मिळते आहे.

आमचे निर्माते विश्वंभर साहेब यांना मी पुस्तक वाचून दाखवलं. पांढरी कापशी हळदीच्या ढिगात लोळते, पिवळी होऊन गावभर फिरते आणि कोणी तिला ओळखत नाही, इथपर्यंत ते गंभीर होते. बाया तिला हळद लागलेली नवरी समजून गाणी म्हणतात, त्या पानावर मात्र चष्मा काढून हसले. ऑफिसात तिघांकडे लहानपणी हे पुस्तक होतं. एकीच्या प्रतीचा कोपरा तिच्या भावानं खाल्ला होता म्हणे.

सोबत पटकथेचा गोषवारा आणि संमतिपत्र पाठवतो आहे. पत्रावर सही करून लवकर पाठव. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझ्या रागालोभाचा कायमचा धनी,
प्रज्ञेश

कुरुंदा,
दि. १६ जानेवारी २०२४

चि. प्रज्ञेश यास,
आत्याचे अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून तिसरीतलंच आहे. तिसरीत मीच तुला शिकवलं, त्यामुळे दोष अर्धा माझा.

गोषवारा वाचला. त्यात तुम्ही दारोदार आकाशकंदील लावले आहेत आणि त्यांच्या उजेडात अंगणभर हळद वाळत घातली आहे. प्रज्ञेश, तू या गावात दहावीपर्यंत राहिलास ना? दिवाळीला हळद शेतात हिरवीगार, कमरेएवढी उभी असते. काढणी आत्ता सुरू झाली आहे. मग शिजवणं, वाळवणं, ड्रममध्ये घालून पॉलिश, हे सगळं होईस्तोवर एप्रिल उजाडतो. तुमचा सिनेमा पाहून इथलं बालवाडीतलं पोरगंही विचारील की ही हळद काहून घाई करून राहिली.

दुसरी गोष्ट. गोषवाऱ्याच्या पानांवर एक ते सात आकडे आहेत आणि वर ‘एकूण पाने आठ’ असं छापलं आहे. आठवं पान टपालात गळालं की तुझ्या हातून? शेवटच्या पानाशिवाय मी कशावरही सही करत नाही. चौतीस वर्षं हजेरीपटावर केली नाही.

गुडघा ठीक आहे. माणिकरावांचा पॉलिशचा ड्रम आमच्या घराच्या मागेच लागणार आहे. त्यामुळे महिन्याभरात माझं घर, भांडी आणि मांजर यांचा रंग एकच होईल. खऱ्या कापशीची मालकीण भिकाबाई तुझी आठवण काढते. आता ऐंशीची झाली, तरी हळद निवडायला जाते आणि पोरीबाळींना हात चालवा म्हणून दटावते.

आठव्या पानाची आणि तुझी वाट पाहणारी,
आत्या

पुणे,
दि. २७ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आठवं पान माझ्या हातून गळालं. मुद्दाम. ते आज पाठवतो आहे, पण आधी माझं ऐक.

तुझ्या पुस्तकात शेवटी भिकाबाई पिवळ्या कापशीचा फाटका कान चाचपते, ओळखते आणि आलीस का म्हणून तिला आत घेते. कापशी शेवटपर्यंत पिवळीच राहते. विश्वंभर साहेबांचं म्हणणं असं, की लेकरं विचारतील, रंग गेला का? सणाचा सिनेमा आहे, शेवट स्वच्छ हवा. म्हणून त्यांच्या डोक्यातून नरकचतुर्दशीची पहाट निघाली. पहिली आंघोळ! भिकाबाई कापशीला उटणं लावून न्हाऊ घालते, पिवळा ओघळ अंगणातून वाहत जातो, कापशी कापसासारखी पांढरी होते आणि मग सगळं गाव तिला ओळखतं. वर फटाके.

मी वाद घातला. पुरेसा घातला नाही, हेही खरं. फेब्रुवारीअखेर तुझी सही आली नाही तर साहेब दुसरी गोष्ट घेणार आहेत. एका अस्वलाची आहे, तयार आहे, आणि तिचा दिग्दर्शकही तयार आहे. मग मी पुन्हा ढगांवर.

तुला काय वाटेल ते माहीत होतं, म्हणून पान ठेवून घेतलं. हे चुकलं. रागावायचं असेल तर सविस्तर रागाव, पण सही शक्यतो करच.

कान पकडून उभा असलेला,
प्रज्ञेश

कुरुंदा,
दि. ५ फेब्रुवारी २०२४

चि. प्रज्ञेश यास,
अ. आ.

आठवं पान वाचून मी इतकी हसले की मांजर उठून गेलं. अरे, उटण्यात हळद असते! पिवळी झालेली शेळी हळद चोळून पांढरी करणारे जगात तुम्ही पहिलेच. तुमच्या साहेबांनी दिवाळीला कधी आंघोळ केली आहे का, हे आदरपूर्वक विचार.

आता हसणं बाजूला ठेवून एकच गोष्ट सांगते. मी लहान असताना आमच्या हातची वस्तू घ्यायची झाली तर तिच्यावर पाणी शिंपडून घेणारी घरं होती. वस्तू तीच, पाणी पडलं की चालायची. तुझ्या बाबाला हे आठवत असेल, तो तुला सांगणार नाही. पुढं मी शिक्षिका झाले, पुस्तक काढलं, तेव्हा मनाशी ठरवलं की यात कोणाला धुऊन आत घ्यायचं नाही. जसं आलं तसं घ्यायचं. एवढ्या एका पानासाठी बाकीची तेवीस पानं काढली आहेत.

म्हणून त्या आंघोळीवर माझी सही होणार नाही. तुझा सिनेमा गेला तर मला वाईट वाटेल, तुझ्याहून जास्त वाटेल. तू पहिल्यांदा शेळी काढलीस तेव्हा तिला सहा पाय होते. त्या दिवसापासून मी या बातमीची वाट पाहते आहे. पण अस्वल घेऊ देत त्यांना. अस्वलाला तरी आंघोळीची गरज असेल.

नाहीतर असं कर. तुझ्या साहेबांना इकडं घेऊन ये. चोवीस तारखेला माणिकरावांचा ड्रम फिरणार आहे. हळद कशी होते ते माणसानं एकदा डोळ्यांनी पाहावं. जेवायला ज्वारीची भाकरी आणि ठेचा करीन. येताना त्यांना चांगले कपडे घालून यायला सांग, पाहुणे आहेत.

सही सोडून बाकी सगळं तुझंच,
आत्या

पुणे,
दि. २९ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आधी एक विचारतो. साहेबांना ड्रमच्या पूर्वेकडं उभं राहा, तिथून छान दिसतं, असं तू का सांगितलंस? वारा हळदीची सगळी धूळ त्याच बाजूला उडवत होता. मी, माणिकराव आणि भिकाबाई पश्चिमेला होतो. तूही पश्चिमेलाच होतीस.

परतीचा वृत्तांत असा. वसमतला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं साहेबांकडं वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, लग्न कधीचं हाय. साहेब पन्नाशीचे आहेत. चहा मात्र फुकट मिळाला. मग एका धाब्यावर साबणानं तोंड धुतलं, तर रंग आणखीच चढला. पांढरी फटफटीत फक्त दातांची रांग दिसायला लागली. शर्ट तर गेलाच.

पुण्यात मध्यरात्रीआधी पोचणं शक्य नव्हतं, म्हणून वाटेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना घरी सोडलं. सोसायटीच्या वॉचमननं वहीत नाव लिहायला लावलं. त्यांचाच कुत्रा त्यांच्यावर भुंकला. बायकोनं दार अर्धंच उघडून आधी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात त्यांची चार वर्षांची लेक आतून पळत आली, पायाला मिठी मारली आणि शाळेत कोणी तिचं खोडरबर घेतलं त्याची तक्रार सांगायला लागली. रंगाबद्दल एक शब्द नाही. साहेब तिथंच उंबऱ्यात बसले. मी निघून आलो.

सोमवारी मीटिंग झाली. त्यांची नखं अजून पिवळी होती. त्यांनी पटकथा उघडली आणि आंघोळीच्या दृश्यावर स्वतःच्या पेनानं उभी रेघ मारली. कारण विचारलं तर म्हणाले की पाण्याची दृश्यं ॲनिमेशनमध्ये फार महाग पडतात, बजेटमध्ये बसत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. मग म्हणाले की हळद उन्हाळ्यातली असेल तर सिनेमाही पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येईल, फटाक्यांचा खर्चही वाचेल.

आठवं पान नव्यानं लिहून सोबत पाठवलं आहे. या वेळी आकडे तपासले आहेत.

तुझ्या पश्चिमेच्या बाजूला राहू इच्छिणारा,
प्रज्ञेश

कुरुंदा,
दि. ९ मार्च २०२४

चि. प्रज्ञेश यास,
अ. आ.

वारा पूर्वेकडं आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. लेकरांपुढं कधी खोटं बोलले नाही, या वयात सुरुवात कशाला करू.

सही केली आहे. सहीशेजारी अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला आहे तो कायदेशीर नाही, सध्या घरात काहीही धरलं तरी तसा उमटतो. तुमच्या वकिलाला कळव.

साहेबांना म्हणावं, शर्ट उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग साबणानं पक्का होतो, उन्हानं उडतो. हे त्या दिवशीच सांगणार होते, पण ते भाकरी छान खात होते.

सहा पायांची काळजी घे. बाकी कापशी तुझ्या हातात दिली आहे.
आत्या

कुरुंदा,
दि. १२ मे २०२५

चि. प्रज्ञेश यास,
अ. आ.

परवा आपल्या शाळेत तुझा सिनेमा दाखवला. पुण्यातला पहिला खेळ सोडून तुला येता आलं नाही, ते मी समजू शकते. आता इथं काय झालं ते ऐक, आणि ऐकलंस की बसून घे.

पडद्यासाठी माणिकरावांनी हळदीची ताडपत्री दिली. पांढरी बाजू पुढं केली तरी सगळा सिनेमा जरा पिवळाच दिसला. नवरीच्या प्रसंगाला बायांनी पडद्यातल्या बायांबरोबर गाणं धरलं. कापशी चालते अगदी बराबर, मागचा पाय किंचित आखडून. पाय चारच होते, मी मोजले.

शेवटी भिकाबाईनं कान चाचपला, कापशी आत गेली, लेकरांनी टाळ्या पिटल्या. मी डोळे पुसत होते. आणि आमची खरी भिकाबाई, पहिल्या खुर्चीत बसलेली, पदर तोंडाला लावून हसत होती.

काय झालं म्हणून विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाली की बाई, हे समदं खोटं हाय. म्या कान-बिन काही वळखला न्हाई. कोणाची तरी शेळी आली म्हणून दोनदा काठी घेऊन हाकलली. ती पुन्हा येऊन दारात बसली. दिवेलागण झाली. आता दारात बसलेल्या जीवाला उठवावं कसं, म्हणून बांधली घरात. पाला टाकला. तिसऱ्या दिवशी उन्हानं रंग उतरला, तवा कळलं की हे आपलंच लेकरू हाय.

मग हे तीस वर्षं काहून सांगितलं नाही, असं मी विचारलं. तर म्हणे, तुमीच तवा वही घेऊन आलात आन् म्हणालात, कानावरून ओळखलं ना? तुमी शिकलेल्या. पोरं उभी होती. त्यांच्या म्होरं बाईला खोटं काहून पाडू, म्हणून म्हणाले, व्हय.

प्रश्नातच उत्तर घालून विचारू नये, असं नव्या शिक्षकांना मी जन्मभर सांगत आले. मुलं किती हसली म्हणून सांगू! मीही हसले. घरी आल्यावर मात्र बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले. ओळखून आत घेणं हीच मला मोठी गोष्ट वाटत होती. तिनं तर न ओळखताच घेतलं होतं. त्या शेवटच्या पानासाठी मी तुझा सिनेमा पणाला लावला, तुझ्या साहेबांना पिवळं केलं, आणि ते पानच चुकलेलं निघालं.

हे विश्वंभर साहेबांना सांगू नकोस, ते लगेच दुसरा भाग काढतील. पण पुस्तकाची पुढची आवृत्ती निघणार आहे आणि शेवटचं चित्र मी सकाळपासून नव्यानं काढायला घेतलं आहे. दार आहे, दारात बसलेली शेळी आहे, आणि हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवणारी भिकाबाई आहे. काठी नीट जमत नाही, तू आलास की दाखव. शेळीत मी रंग भरला आहे. तोच, हळदीच्या वाटीतला.

माझ्यावरचा लोभ आहे तसा राहू दे, धुऊ नकोस.

तुझी,
आत्या