लँडुडनोत फुकट काय काय आहे

मंगळवार, ३ मार्च

केतकीला वेल्समधली नोकरी मिळाली. बातमी इराने दिली, शाळेतून येताना यू-बान मेट्रोत, मोज्याचं भोक मोठं करत: "मामा हाट देन जॉब." मामा म्हणजे आई, जर्मनमध्ये. दुजोरा संध्याकाळी, केतकीच्या वकिलाकडून, मेलने. भूलतज्ज्ञ, समुद्रकाठच्या हॉस्पिटलात, ऑगस्टपासून. घर शेजारच्या गावात पाहिलंय. लँडुडनो.

वकील सभ्य भाषेत लिहितो. घटस्फोट झाला तरी मुलीचा ताबा दोघांचा आहे, त्यामुळे तिला जर्मनीबाहेर न्यायला माझी लेखी संमती हवी. दिली तर उत्तम. नाही तर २६ तारखेला फॅमिली कोर्टात भेटूच. म्हणजे अर्ज आधीच गेलेला आहे. नोकरीची बातमी सगळ्यांत शेवटी मला.

संमती देणार नाही. इरा नऊ वर्षांची आहे. मंगळ-बुध आणि एकाआड एक शनि-रवि माझ्याकडे असते. तेवढंच आहे माझ्याकडे.

यापुढे के. लिहीन. पूर्ण नावाइतकी शाई घालवायची नाही.

बुधवार, ४ मार्च

के.चा मेल. विषय: "इरासोबत तिथे फुकटात करण्यासारखं". खाली यादी. पिअर (समुद्रात शिरलेला लांब धक्का), प्रॉमेनेड, ग्रेट ऑर्मचा डोंगर, डोंगरावरच्या बकऱ्या, हॅपी व्हॅली बाग, बाहुल्यांचा खेळ, सील, पश्चिमेकडचा वाळूचा किनारा, सूर्यास्त. शेवटी: "तू भेटायला आलास तर एक पैसा खर्च होणार नाही. बघ, तुझाच विचार केलाय."

माझा विचार. माझ्या भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा लागतो, दर वेळी कागद, दर वेळी वाट बघणं. इरा जर्मन पासपोर्टवर नाचत जाईल. सूर्यास्त फुकट आहे, पण मला तो बघायला परवानगी काढावी लागेल. हे यादीत नाही.

गुरुवार, ५ मार्च

यादी तपासली. पुण्यात डेस्कवर वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या, सवय जात नाही. नगरपालिकेची साइट, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बसचं वेळापत्रक, फिरायला गेलेल्या लोकांनी टाकलेले फोटो. लाल रंगात शेरे.

पिअर: चालणं फुकट, पाळणे नाहीत. ऑर्म: पायी फुकट, गाडीने गेलं तर टोल. केबल कार: फुकट नाही, यादीत टाकलीही नाही, हे चलाखीचं. बाहुल्यांचा खेळ: शेवटी पैशांसाठी टोपी फिरते. सील: दिसतीलच असं नाही, आणि पिल्लं असताना लांबूनच बघायचे. सूर्यास्त: पाऊस नसेल तर.

के.ला परत पाठवली.

शुक्रवार, ६ मार्च

इराचं दप्तर राहिलं होतं ते घ्यायला के. आली. दारातच.

"तू माझा मेल प्रूफरीड केलास?"

"चुका होत्या."

"लग्नातही तुला चुकाच सापडायच्या. दुरुस्त एक केली नाहीस."

"पिअर फुकट नाही. नुसतं चालणं फुकट आहे."

"मग चाल की. आणि त्या बकऱ्या मुद्दाम टाकल्या होत्या तुझ्यासाठी. मूळच्या काश्मिरी आहेत. तुझ्यासारख्या. कुठेही आणून सोडलं तरी तोंड वाकडंच."

"त्या पिढ्यानपिढ्या तिथे आहेत. तोंड वाकडं असल्याचा उल्लेख कुठे नाही."

दप्तर घेऊन गेली. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला गोड आवाजात "शोनेस वोखनएन्डं" म्हणाली. त्याला शुभ शनिवार-रविवार. मला दार.

शनिवार, ७ मार्च

फ्राऊ ब्रांटकडे, माझी वकील. कोर्टाला द्यायचं उत्तर मीच मुद्देसूद लिहून नेलं होतं. जागा एकाकी, हिवाळ्यात निम्मं गाव बंद, वारा, भाषा नवी, नात्यातलं कोणी नाही, मुलीला करण्यासारखं काही नाही. तिने वाचलं. "गेनाऊ," म्हणाली, अगदी नेमकं. "असे अशील रोज मिळत नाहीत." जवळजवळ जसंच्या तसं पाठवणार आहे.

दुपारी समीरचा फोन, पुण्याहून. माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून आला होता, आता रविवार पुरवणी बघतो. "सर, अडचण आहे. सुट्टी विशेष आहे, पुढच्या रविवारी. परदेशात कमी खर्चात सहल, तो लेख देणारी बाई आजारी पडली. आठशे शब्द. उद्या दुपारपर्यंत. तुम्ही नाही म्हणालात तर जाहिरात लावावी लागेल."

जाहिरात लावावी लागेल म्हणाला. मला कुठे ढोसायचं हे त्याला माहीत आहे, मीच शिकवलंय.

रविवार, ८ मार्च

लेख दिला. वेळेआधी.

हाताशी जे तपासलेलं तयार असतं ते वापरायचं, असंच आम्ही करत आलो. टेबलावर एकच गाव होतं, लाल शेऱ्यांसकट. "मी गेलो" असं कुठेही लिहिलं नाही. "तुम्ही गेलात तर" असं लिहिलं. कधी एवढं सलग लिहून झालं नव्हतं अलीकडे. शेवटचं वाक्य: "मूल बरोबर असेल तर या गावात खिशात हात घालायची वेळ फारशी येत नाही. तो हात मुलाचा हात धरायला मोकळा राहतो."

समीर: "सर, शेवट काय बसलाय."

बसलाय खरा. रागात लिहिलेलं माझं नेहमी बरं होतं, कारण राग आत येऊ द्यायचा नाही एवढंच लक्षात असतं.

बुधवार, ११ मार्च

इरा कालपासून इथे. मराठी कळतं सगळं, उत्तर जर्मनमध्ये. वाचता येत नाही. लॅपटॉपवर लेखाचं पान उघडं होतं, त्यातला सीलचा फोटो दिसला. वाच म्हणाली. वाचून दाखवला. काय करणार, हातात होता.

पोटावर पडून ऐकला. मधे एकदाच, "मोमेंट, बाबा," म्हणाली आणि बकऱ्यांचा भाग परत वाचायला लावला. संपल्यावर: "उंट वेअर गेट मिट मिर?"

आणि माझ्याबरोबर कोण जाणार, असं विचारत होती. मी म्हटलं, हा वाचकांसाठी आहे. म्हणाली, "इश बिन दोख आउख लेझरिन."

मीही वाचकच आहे, म्हणाली. वाचता न येणारी वाचक. डाळ-भात खाऊन झोपली.

रविवार, १५ मार्च

लेख छापून आला. अर्धं पान, फोटोसकट. एकही मुद्रणदोष नाही.

दहा वाजता फोन, के.च्या आई, कोथरूडहून. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच.

"निनादराव, वाचलं हो. किती गोड लिहिलंय. शेजारच्या बाईंना पण वाचून दाखवलं. म्हटलं, आमचे जावई."

"आई, आता मी जावई नाही."

"लिहिताना तर तसंच वाटलं. मग अडवता कशाला पोरीला? तुम्हालाही पटलंय की."

"ते कामाचं लिखाण होतं."

"आणि कोर्टातलं काय, बिनकामाचं?"

कोर्टात काय दिलं हे त्यांना माहीत आहे, म्हणजे मायलेकींचं रोज बोलणं होतं. मी विचारलं, कात्रण पाठवलंत का तिला. "फोटो काढून पाठवला ना. तिला किती आनंद झाला असेल, नवऱ्याचं नाव छापून आलेलं बघून."

नवऱ्याचं. मुद्दाम.

सोमवार, १६ मार्च

के.चा एका ओळीचा मेसेज: "लेख आवडला. धन्यवाद." मागून अंगठा.

इतक्या वर्षांत माझा लेख आवडला असं पहिल्यांदा म्हणाली. लग्नात एकही पूर्ण वाचला नव्हता.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. गुढी नाही. श्रीखंड टर्किश दुकानातल्या दह्याचं, पातळ झालं.

मेलमध्ये के.च्या वकिलाचं नवं निवेदन, सोबत आन्लागे, म्हणजे जोडपत्र. माझा लेख. प्रमाणित जर्मन अनुवाद, शिक्क्यासकट. शेवटच्या वाक्याखाली रेघ. निवेदनात एवढंच: वडिलांनी कोर्टाला कळवलं की तिथे मुलीला करण्यासारखं काही नाही. त्याच आठवड्यात वडिलांनी वाचकांना पुढीलप्रमाणे कळवलं.

अनुवाद चांगला आहे. चीड त्याचीच येते. वाईट असता तर निदान त्यावर हरकत घेता आली असती.

शुक्रवार, २० मार्च

फ्राऊ ब्रांट चिडली आहे. ती चिडली की हळू बोलते.

"तुम्ही तिथे गेला होतात?"

"नाही."

"मग हे कसं लिहिलंत?"

"असंच लिहितात. तपासून."

"आणि कोर्टासाठीचं?"

"तेही तपासूनच."

"आल्झो, थोडक्यात," म्हणाली, "एक तर तुम्ही वाचकांशी खोटं बोललात, नाही तर कोर्टाशी बोलताय. कोणतं परवडेल ते ठरवा. मला विचाराल तर वाचक. ते ताबा ठरवत नाहीत."

तिला पेपरात खुलासा हवा आहे. सदर लेख प्रत्यक्ष न जाता, टेबलावर बसून, ऐकीव माहितीवर लिहिला होता. त्यावर विसंबू नये. सुनावणीच्या आधी छापून आला पाहिजे, मग ती त्याचा अनुवाद जोडेल. शिक्क्याला शिक्का.

मी म्हटलं, ऐकीव नाही. त्यात एकही चूक नाही.

"तोच प्रॉब्लेम आहे," म्हणाली.

शनिवार, २१ मार्च

के.कडे इराचं जॅकेट द्यायला. आत बोलावलं नाही, मीही गेलो नसतो. खोकी दिसली, अजून न उघडलेली, दुमडलेली. भिंतीला टेकवून ठेवलेली, येणाऱ्याला दिसावीत अशी.

"लेख कोर्टात कशाला दिलास?"

"तू छापलास कशाला?"

"जागा रिकामी राहिली असती."

के. हसली. खरंच हसली, जुन्यासारखी, आणि मग थांबली. "निनाद, तुझं हेच आहे. पेपरातली जागा रिकामी राहिलेली तुला चालत नाही. घरातली चालायची."

उत्तर होतं. मी रात्रपाळी करायचो तेव्हा तीही कॉलवर असायची. घर दोघांनी रिकामं ठेवलं. जिन्यात सुचलं.

मग म्हणाली, "सील कधी दिसतात रे? तू लिहिलंयस भरती बघून जा. म्हणजे भरतीत की ओहोटीत?"

सांगितलं नाही. लेखात आहे, नीट वाच म्हटलं.

सोमवार, २३ मार्च

समीरला फोन. खुलाशाची ओळ वाचून दाखवली.

"सर, छापतो तुम्ही म्हणाल तर. पण तुमच्या नावावर आजपर्यंत एकही खुलासा नाही. आम्ही नव्या पोरांना तेच सांगतो."

"माहितीये."

"आणि चूक काय आहे लेखात?"

"काही नाही."

"मग खुलासा कशाचा?"

त्याला इरा माहीत नाही. म्हणजे आहे एवढं माहीत आहे. मी म्हटलं, उद्या सांगतो. तो म्हणाला, बुधवार संध्याकाळपर्यंत पान हातात आहे, गुरुवारच्या अंकात जाईल. शिवाय वाचकांची पत्रं येतायत. चिंचवडच्या एकाने विचारलंय, बकऱ्या मारतात का.

मंगळवार, २४ मार्च

इरा आली. शाळेत सगळ्यांना सांगून आली आहे की तिच्या बाबांनी बकऱ्यांवर लिहिलंय. बाईंनी नकाशावर गाव दाखवायला लावलं. तिला बरोबर दाखवता आलं. मला पहिल्यांदा शोधताना वेळ लागला होता.

लेख परत वाचून दाखव म्हणाली. नाही म्हटलं. मग तिनेच सांगितला, जर्मनमध्ये, क्रमाने, टोलसकट. शेवटचं वाक्य सोडून. ते का सोडलं विचारलं नाही.

के.चा राग येतो. के.च्या आईचा येतो. त्या गावाचा सगळ्यांत जास्त येतो. कधी न पाहिलेल्या ठिकाणाचा एवढा राग येऊ शकतो हे माहीत नव्हतं. खाचखळगा शोधत पुन्हा साइट चाळल्या. सापडला नाही. पार्किंगबद्दल तक्रारी आहेत. आमच्याकडे गाडी नाही.

बुधवार, २५ मार्च

उद्या सुनावणी.

फ्राऊ ब्रांटचा सकाळी मेल: खुलासा? दुपारी फोन. मी म्हटलं, हिवाळा, वारा, व्हिसा, सगळं बोलू; लेख खोटा आहे असं मी सांगणार नाही. ती म्हणाली, "मग त्या शेवटच्या वाक्यावर तुम्हाला प्रश्न येईल. कोणाचा हात, असा." मी म्हटलं, येऊ दे. ती म्हणाली, उत्तर तयार ठेवा. आणि पान अजून हातात असेल तर पुन्हा विचार करा.

संध्याकाळी इराला समजावलं. उद्या न्यायाधीशबाई आधी तिच्याशी एकटीशी बोलतील, आम्ही दोघं नसू. भीती नाही, जे वाटतं ते सांगायचं. मामाला काय आवडेल, बाबाला काय आवडेल, त्याचा विचार करायचा नाही. हे वाक्य फ्राऊ ब्रांटने दिलं होतं, पाठ करून म्हटलं.

"तू काय सांगणार आहेस?"

"दास साग इश नूर देअर रिश्टरिन."

फक्त न्यायाधीशबाईंना. ठीक. सूत्रांची माहिती सांगायची नसते, हे ती कोणाकडून शिकली ते उघड आहे.

मग दात घासता घासता, मराठीत, चक्क मराठीत: "बाबा, ओहोटी ना? सील?"

ओहोटी, म्हटलं. खडक उघडे पडतात तेव्हा.

खुलाशाच्या दोन ओळी मेलमध्ये लिहून ठेवल्यात, पत्ता समीरचा, अजून पाठवलेल्या नाहीत. तो अजून ऑफिसात आहे, पान थांबवून. दोनदा मिस्ड कॉल.

उद्या साडेनऊला इराला आत घेतील. बाहेर एकच बाक आहे, असं फ्राऊ ब्रांट म्हणाली. के. आणि मी त्यावर बसू. नंतर आम्हाला बोलावतील, आणि अनुवाद समोर ठेवून पहिला प्रश्न मला विचारला जाईल.